होनिंबो-पदाची कहाणी

बुद्धिबळ जाणणाऱ्या माणसास जपानांतील ‘गो’ हा खेळ प्रथमदर्शनीं फारच साधा वाटतो. लांकडी पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेघा. त्या जेथें एकमेकींस छेदतात असे ३६१ बिंदु. एकाचे काळे खडे, दुसऱ्याचे पांढरे. राजा नाहीं, वजीर नाहीं, प्यादें नाहीं. सर्व खड्यांचा दर्जा सारखा. एकदां ठेवलेला खडा जागचा हलत नाहीं. चोहोंकडून वेढला गेला तरच तो उचलला जातो. शेवटीं ज्यानें अधिक प्रदेश वेढला, तो जिंकला. नियम एवढे थोडे; परंतु त्यांतून निघणारी गुंतागुंत अशी कीं, बुद्धिमान् मनुष्याचें सारें आयुष्य तींत खर्चीं पडावें. ह्या खेळांतील अत्यंत जुन्या नांवाचें पद म्हणजे ‘होनिंबो’.

होनिंबो हें मूळचें क्योतो येथील जाक्कोजी ह्या बौद्ध मठांतील एका वास्तूचें नांव. सान्सा (१५५९-१६२३) नांवाचा भिक्षु तेथें राहत असे. गो खेळण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तोकुगावा इएयासु ह्या सत्ताधीशानें त्याला १६१२ सालीं वर्षासन दिलें, आणि वास्तूचें नांव घराण्याचें नांव झालें. होनिंबो, इनोउए, यासुई व हायाशी अशीं चार घराणीं राजाश्रयानें नांदूं लागलीं. गवयांच्या घराण्यांप्रमाणें येथेंहि विद्या गुरूकडून शिष्याकडे जाई. प्रमुख बहुधा एखाद्या गुणी शिष्यास दत्तक घेऊन गादी त्याच्या स्वाधीन करी. म्हणजे रक्तापेक्षां गुणाला किंमत होती. पण गुण पारखण्याचा अधिकार मात्र गादीवरच्या एकाच माणसाच्या हातीं होता.

ह्या परंपरेचे अखेरचे पुरुष म्हणजे एकविसावे होनिंबो शूसाई (१८७४-१९४०). त्यांनीं आपलें पद कोणा शिष्यास न देतां निहोन् कि-इन् ह्या खेळाडूंच्या संस्थेच्या हवालीं केलें. मैनिची वृत्तपत्राच्या आश्रयानें स्पर्धा व्हावी, आणि जो जिंकेल त्यानें तें नांव धारण करावें, असें ठरलें.

निरोपाचा म्हणून शूसाई एक डाव कितानी मिनोरु ह्या तरुण खेळाडूशीं खेळले. तो २६ जून १९३८ रोजीं सुरू झाला आणि ४ डिसेंबरला संपला. विचारासाठीं प्रत्येकास ४० तास होते. मध्यें शूसाई आजारी पडल्यामुळें सुमारें तीन महिने पट तसाच राहिला. जुन्या रीतींत डाव केव्हां थांबवावा हें श्रेष्ठ खेळाडूच्या मर्जीवर असे. आतां दिवसाची शेवटची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यांत बंद करावयाची, म्हणजे रात्रभर विचार करण्याचा लाभ कोणासच मिळूं नये. मानाची जागा नियमानें घेतली होती. कितानी ५ गुणांनीं जिंकले. वृत्तपत्रासाठीं ह्या डावाची हकीकत लिहिणारे कावाबाता यासुनारी ह्यांनीं पुढें त्यावरच ‘मेइजिन’ ही कादंबरी रचली.

पहिली स्पर्धा १९३९ सालीं सुरू होऊन १९४१ सालीं पुरी झाली. सेकियामा रिइची व कातो शिन ह्यांची ३-३ अशी बरोबरी झाली, आणि आधींच्या फेऱ्यांतील क्रमावरून पद सेकियामांकडे गेलें. १९४३ सालीं सेकियामांची प्रकृति सामना चालू असतांनाच ढासळली, आणि हाशिमोतो उतारो होनिंबो झाले.

ह्या नव्या पदाची खरी कसोटी १९४५ सालीं लागली. तोक्योवर बाँबचा वर्षाव होत होता. निहोन् कि-इन्‌ची इमारत जळून गेली होती. अशा स्थितींत हाशिमोतोंचे गुरु सेगोए केनसाकु ह्यांनीं सामन्यासाठीं हिरोशिमा येथें जागा मिळविली. आव्हान देणारे होते इवामोतो काओरु. तेथील पोलीस-प्रमुखानें शहरांत खेळण्यास मनाई केली. पण तो परगांवीं असतांना पहिला डाव शहरांतच उरकण्यांत आला. परत आल्यावर त्यानें सक्त ताकीद दिली, आणि दुसरा डाव इतसुकाइची ह्या उपनगरांत ४ ऑगस्टला सुरू झाला.

६ ऑगस्ट हा डावाचा तिसरा दिवस. सकाळीं आदल्या दिवसाची स्थिति पटावर मांडली होती. सव्वाआठ वाजतां आकाशांत प्रखर प्रकाश चमकला, आणि पाठोपाठ आलेल्या धक्क्यानें घराच्या कांचा फुटल्या. काय घडलें ह्याची कल्पना तेथें कोणासहि नव्हती. खोली झाडण्यांत आली, खडे पुन्हां मांडले गेले आणि डाव पुरा करण्यांत आला. हाशिमोतो पांढऱ्या खड्यांनीं ५ गुणांनीं जिंकले. मग होरपळलेलीं माणसें शहराकडून येऊं लागलीं, तेव्हां त्या प्रकाशाचा अर्थ उलगडला. सेगोए ह्यांनीं त्या संहारांत आपला मुलगा गमावला. खेळाडूंच्या निष्ठेचें कौतुक करतांना हें विसरतां येत नाहीं कीं, ते धैर्यामुळें नव्हे, तर एका अधिकाऱ्याच्या हट्टामुळें वांचले होते.

युद्ध संपल्यावर उरलेले डाव झाले; पुन्हां ३-३ अशी बरोबरी. पण ह्या वेळीं निकाल जुन्या क्रमावर सोपविला नाहीं. १९४६ सालीं निर्णायक डाव खेळण्यांत आले. त्यांतील दोनहि इवामोतोंनीं जिंकले आणि पद त्यांना मिळालें. राजधानी बेचिराख आणि देश पराभूत, अशा काळीं हें नांव कोणाला बहाल करून टाकणें सोपें होतें. तें पटावरच मिळविलें गेलें, ह्यांतच त्याची प्रतिष्ठा आहे.

पुढील इतिहास ह्याच तत्त्वाची साक्ष देतो. ताकागावा काकु ह्यांनीं १९५२ पासून ९ वेळां तें पद सलग राखलें. वयाच्या सहाव्या वर्षीं कोरियांतून जपानांत आलेल्या चो चिकुन ह्यांनीं १९८९ ते १९९८ अशीं १० वर्षें, आणि इयामा युता ह्यांनीं २०१२ ते २०२२ अशीं ११ वर्षें तें आपल्याकडे ठेवलें. २०२३ सालीं इचिरिकी रियो ह्यांनीं इयामांचा पराभव केला. २०२४ पासून सात डावांचा सामना पांच डावांचा झाला, आणि दोन दिवसांचा डाव एका दिवसांत आटोपूं लागला. शूसाईंच्या चाळीस तासांच्या मानानें हा काळ फारच तोकडा. तथापि एक गोष्ट बदललेली नाहीं: सान्साच्या मठांतील त्या वास्तूचें नांव ज्याला हवें असेल, त्यानें तें खडा ठेवूनच मिळवावयाचें, आणि मिळाल्यावर पुढच्या सामन्यांत पुन्हां पणास लावावयाचें.