कोलोंबेचे कबरस्थान
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, सकल मृतांच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाप्रीत्यर्थ आपल्या कबरस्थानाची डागडुजी करावी असे महोत्सव समितीने ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. कुंपण खचले आहे. मोठा क्रूस एका अंगाला कलला आहे. परंतु या ठरावाला जोडून एक सूचना मजकडे आली आहे. फाटकातून शिरताच उजव्या हाताची जागा मोकळी करावी, तेथे संगमरवरी चौथरे बांधावेत, आणि सभापती, आमदार अथवा नगरसेवक या नात्याने ज्यांनी लोकसेवा केली, त्यांच्यासाठी ती राखून ठेवावी. सूचना सद्भावनेची आहे. तथापि तिजवर मत देण्यापूर्वी फ्रान्समधील एका कबरस्थानाची हकीकत आपणांस सांगतो.

त्या देशाच्या पूर्वभागात कोलोंबे-ले-दोझ-एग्लीझ, म्हणजे ‘दोन देवळांचे कोलोंबे’, नावाचे खेडे आहे. वस्ती काही शेकड्यांची. १९३४ साली शार्ल द गॉल नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने तेथे घर घेतले. हेच गृहस्थ पुढे महायुद्धात स्वतंत्र फ्रान्सचे पुढारी झाले, आणि १९५९ ते १९६९ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. ते श्रद्धावान कॅथलिक होते. गावी असले म्हणजे मिस्सेला गावच्याच देवळात जात.

त्यांना तीन अपत्ये. धाकटी आन्न, जन्म १९२८ चा. डाउन सिंड्रोम नावाचे वैगुण्य घेऊनच ती जन्मास आली. अशा लेकरांस घरापासून दूर, संस्थांमध्ये ठेवून देण्याची त्या काळी पुष्कळ घरांत रीत होती. द गॉल दांपत्याने तिला आपल्याजवळ वाढविले. ताठ मानेचा, मितभाषी म्हणून ज्याची ख्याती, तो सेनापती या मुलीपुढे मात्र गाणी म्हणे, तिच्याशी खेळे. फेब्रुवारी १९४८ मध्ये, विसाव्या वर्षी, ती वारली. तिला कोलोंबेच्या कबरस्थानात पुरले. थडग्यापाशी पित्याने पत्नीस म्हटले, की आता ती इतरांसारखी झाली, असे सांगतात.

यानंतर चार वर्षांनी, जानेवारी १९५२ मध्ये, द गॉल यांनी आपल्या अंत्यविधीविषयी इच्छापत्र लिहिले. माझा विधी कोलोंबेसच व्हावा. आन्न जेथे निजली आहे, तेच माझे थडगे. दगडावर नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे, अधिक काही नको. राष्ट्राध्यक्ष नकोत, मंत्री नकोत, भाषणे नकोत, वाद्ये नकोत. राखीव जागा कोणासाठी? कुटुंबीयांसाठी, मुक्तिसंग्रामातील सहकाऱ्यांसाठी, आणि कोलोंबेच्या ग्रामसभेच्या सभासदांसाठी. ही शेवटची ओळ मी अनेकदा वाचली आहे. आपल्या गावचा पंच मंत्र्याच्या पुढे बसलेला आपण कधी पाहिला आहे काय?

९ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले. १२ तारखेस पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात देशोदेशींचे प्रमुख जमले होते. अमेरिकेचे निक्सन होते, इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी होते. सारे होते, शवपेटी मात्र नव्हती. ती कोलोंबेस होती, आणि गावच्या तरुणांनी ती खांद्यावर घेऊन देवळात नेली. १९७९ साली पत्नीही त्याच थडग्यात विसावली.

मोठ्या माणसाची इच्छा लोक सर्वस्वी पाळतात असे नाही. १९७२ साली त्याच गावाच्या टेकडीवर त्यांच्या स्मरणार्थ चव्वेचाळीस मीटर उंचीचा क्रूस उभा राहिला. असो, तो टेकडीवर आहे, त्यासाठी कबरस्थानातील कोणास हलावे लागले नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर हे कोलोंबेच्या घरी पाहुणे म्हणून राहिले होते. दोन वैरी देशांचे हे दोन वृद्ध कॅथलिक. आडेनाउअर १९६७ साली वारले, तेव्हा कोलोनच्या महामंदिरात मिस्सा झाली, मग नौकेने ऱ्हाईन नदीवरून शव नेऊन त्यांस ऱ्योंडॉर्फ या लहानशा गावच्या कबरस्थानात, घरच्यांच्या थडग्यात ठेविले. फ्रान्सचेच दुसरे पुढारी रोबेर शुमान यांची गोष्ट थोडी वेगळी. १९६३ साली सी-शाझेल गावच्या कबरस्थानात त्यांना पुरले, परंतु १९६६ मध्ये त्यांचे अवशेष घरासमोरील जुन्या देवळात नेले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांस ‘पूजनीय’ ही पदवी दिली. म्हणजे वेगळी जागा देणे नेहमीच वावगे, असे मी म्हणत नाही. पण ती त्यांनी जिवंतपणी मागितली नव्हती, आणि मेलेल्या शेजाऱ्यास उठवून तर नाहीच नाही.

आता आपल्याकडे येतो. उजव्या हाताच्या त्या जागेत कोण आहे, हे मी दफनाच्या वहीत पाहिले. बहुतेक बालके आहेत. कित्येकांच्या नावापुढे वय दिवसांत लिहिले आहे. काही मोठी माणसेही आहेत, जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवलेली. दगड एकावरही नाही. लाकडी क्रूस चार पावसाळ्यांत कुजतात, आणि मग ती जागा मोकळी दिसू लागते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या माता आज या मंडपात बसल्या आहेत.

सबब त्या जागी चौथरे बांधण्यास माझी संमती नाही. आपल्या लोकसेवकांस त्यांच्या आईबापांशेजारी जागा आहेच, ती कोणी हिरावलेली नाही. कुंपणाचे व क्रुसाचे काम मात्र नाताळापूर्वी सुरू व्हावे. गवंडी ठरविण्याचे काम समितीकडे आहे. नावांची यादी मी वहीतून उतरवून देतो. उजव्या हातापासूनच आरंभ करू.