‘कोल्हापुरी’ या नावाची जबाबदारी

कोल्हापुरी चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही. 2019मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सातारा, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. त्यामुळे रेक्झिनची, यंत्रावर कापलेली चप्पल ऑनलाइन ‘कोल्हापुरी’ म्हणून खपते, तेव्हा या सगळ्या जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या पोटावर पाय येतो. ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला संरक्षण देतं, पण अटींवर. विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या संकेतस्थळाला हे कवच मिळू नये, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018मध्ये म्हटलं. 2020मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सक्रिय आणि निष्क्रिय मध्यस्थ असा भेद मानला नाही. मला पहिला विचार पटतो. माल स्वतःच्या गोदामात ठेवायचा, जाहिरात करायची, पैसे घ्यायचे, दलाली कापायची आणि खोट्या मालाशी संबंध नाही म्हणायचं, हे न्यायाला धरून नाही.

लाखो विक्रेत्यांची प्रत्येक वस्तू तपासणं अशक्य, हा आक्षेप खरा आहे. पण इथे सगळ्या वस्तू तपासायच्याच नाहीत. मानांकित नाव वापरणाऱ्याकडून नोंदणीकृत उत्पादकाचा क्रमांक किंवा त्याच्याकडून खरेदी केल्याचं बिल मागावं, एवढंच. छोट्या विक्रेत्याला हा जाच वाटेल. मात्र खरी कोल्हापुरी विकणाऱ्याला यांपैकी एक दाखवणं अवघड नसावं. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं 2020च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलंच आहे; त्यात हा एक तपशील वाढेल. सांगलीची हळद, बेदाणे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या मानांकित मालालाही क्रमांकाची किंवा बिलाची हीच अट लावता येईल.