रांगेत सोबत

आजचा भाग छोटासाच आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या डॉक्टर का झाल्या? चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, आणि योग्य उपचार न मिळाल्यामुळे तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. जिथे दुखलं, तिथलाच अभ्यास!

आपलं एवढं मोठं काही नसतं. माझे बाबा गेले तेव्हा मृत्यूचा दाखला कुठे मिळतो हेही मला ठाऊक नव्हतं. बँक, पीएफ, सगळ्या रांगांमध्ये एकटाच उभा राहिलो. वर्षभर कुणाशी धड बोललोसुद्धा नाही.

मग मित्राची आई गेली. ‘काही लागलं तर सांग’ असा मेसेज टाइप केला, पण पाठवला नाही. सरळ बाइक काढून त्याच्या दारात गेलो. म्हटलं, “चल, दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवू. पुढे सगळीकडे लागतात.”

रांगेत तो रडला. आणि बाबांसाठी मीही, पहिल्यांदाच.

तुम्हालाही अशी एखादी रांग माहीत असेल. जमेल तेव्हा, कुणाबरोबर तरी उभे राहा. घाई नाही. भेटूया पुढच्या भागात.