मॅगझिन

माझी पहिली कविता कॉलेजच्या मॅगझिनमध्ये छापून आली. अंक घेऊन घरी गेलो. अब्बा पोलीस खात्यात. म्हणाले, "मॅगझिनमध्ये तर दारूगोळा ठेवतात. कविता कशी?" मी हसलो. बी.ए. करत होतो ना!

पुढे शब्दकोश उघडला, तर अब्बांचाच अर्थ जुना निघाला. मूळ अरबी शब्द 'मखझन', म्हणजे कोठार, अनेकवचन 'मखाझिन'. इटालियन, फ्रेंच अशी वाट चालत तो सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचला. आधी मालाचं कोठार, मग दारूगोळ्याचं. 1731 मध्ये लंडनला एडवर्ड केव्हनं 'जंटलमन्स मॅगझिन' काढलं आणि ते लेखांचंही कोठार झालं. दारूगोळा आणि कविता एकाच शब्दात नांदतात, याची मला अजून थोडी धास्ती वाटते.

त्याच धातूतला 'खजिना' फारसीमार्फत केव्हाच मराठीत येऊन बसलाय. "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" असं लोक मला अजून विचारतात. गल्लीतल्या गणेश मंडळाचा मी दोन वर्षं खजिनदार होतो. तेव्हा कुणी या शब्दाचं गाव विचारलं नाही. विचारला तो वर्गणीचा हिशेब.