विद्याक्षेत्रातील अचौर्य



अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. श्रावकाच्या अचौर्याणुव्रतात ते वर्ज्य आहे. धान्य-सुवर्णास लागू असणारा हा नियम दुसऱ्याच्या शब्दांस व विचारांसही लागू पडतो. विचार चोरला तरी तो मूळ लेखकापाशी उरतो. हरवते ते त्याच्या परिश्रमांचे श्रेय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून अधिक व ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास तो सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ६० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष मनाई होते. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात.

तथापि संगणक मुख्यतः शब्दसाम्य मोजतो. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध त्याच्या तपासणीतून सुटू शकतो. येथे व्रताचा विचार अधिक खोल जातो. अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे, हाही सांगितला आहे. पाल्यासाठी तयार प्रकल्प विकत आणणाऱ्या पालकांनी याचे चिंतन करावे. त्यात गुण मिळतात. पाल्याची विचारशक्ती मात्र तशीच राहते.

प्राचीन ग्रंथकार प्रशस्तीत आपली गुरुपरंपरा आदराने नोंदवीत. संदर्भसूची हे त्याच कृतज्ञतेचे आजचे रूप होय. विद्यार्थ्याने वाचतानाच लेखक, ग्रंथ, वर्ष व पृष्ठ टिपून ठेवावे. एवढ्या सवयीने विद्येतील अचौर्य सहज पाळले जाईल.

जय जिनेंद्र!