खेळाडूंचे हाडांचे डॉक्टर



आपण सगळे आता मांडी घालून बसलो आहोत. भाषण संपले की उठाल, घराकडे जाल. या उठण्याबसण्यात गुडघा किती राबतो, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. दुखायला लागला म्हणजेच त्याची आठवण होते.

आज एका डॉक्टरांची हकिगत सांगायची आहे. डॉ. दिनशॉ पारडीवाला हे त्यांचे नाव. मुंबईत अंधेरीला कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय आहे. तिथला खेळाडूंच्या उपचारांचा विभाग ते पाहतात. निखळलेला गुडघा, दुखावलेले कोपर, सुटलेला खांदा नीट करायचा आणि खेळाडूला परत मैदानावर धाडायचे, हे त्यांचे काम.

पण आधी आमची एक चूक सांगतो. आपला धाराशिव जिल्हा म्हणजे खो-खोचा जिल्हा. आपल्या सारिका काळे २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाच्या कप्तान होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच्या फार आधीची, १९९४ ची गोष्ट. आमच्या शाळेत एक पोरगी वाऱ्यासारखी पळायची. एकदा पळता पळता ती एकदम वळली आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. सांजेपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तालुक्याला नेऊन फोटो काढला. हाड साबूत निघाले. मग एका जाणत्याकडून तेल लावून चोळून घेतले. महिन्याभराने आम्हीच तिला म्हणालो, "अगं, हाड मोडलं नाही ना? मग भितीस कशाला? पळ!" ती पळाली. गुडघा निसटला आणि पडली. पुन्हा पळाली, पुन्हा पडली. तिचा खेळ तिथेच संपला.

चूक कुठे झाली, ते आम्हाला फार उशिरा कळले. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांना चार मजबूत बंध धरून ठेवतात. दोन बाजूंना दोन, आणि आत कैचीसारखे एकमेकांवरून गेलेले दोन. आतला बंध तुटला तर हाड शाबूत असूनही गुडघा जागेवर राहत नाही. खिळा शाबूत, पण दोरी तुटलेली, तसे होते. साध्या एक्स-रेत हाड दिसते, बंध दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर हाताने गुडघा हलवून पाहतात आणि एम.आर.आय. नावाचा निराळा फोटो काढतात. पुरता तुटलेला आतला बंध चोळून काही सांधत नाही.

आता मुंबईकडे जाऊ. ऋषभ पंत हा क्रिकेटचा खेळाडू. ३० डिसेंबर २०२२ ला पहाटे रुडकीजवळ त्याची मोटार उलटली आणि पेटली. जीव वाचला, पण उजवा गुडघा पार निखळला. गुडघ्याच्या मागून रक्ताची मोठी नळी जाते. गुडघा असा निखळला की ती तुटायची भीती असते. ती तुटली तर पाय कापायची पाळी येते. नशिबाने ती शाबूत होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याला विमानाने मुंबईला आणले आणि डॉ. पारडीवाला यांनी गुडघ्याचे बंध पुन्हा उभे केले.

डॉक्टरांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की पंतचा पहिला प्रश्न होता, मी परत खेळेन का? आणि त्याच्या आईचा पहिला प्रश्न होता, हा परत चालेल का? आई ती आईच.

असा बंध नवा करताना बहुधा मांडीच्या मागची शीर घेतात. बारीक भोके पाडून दुर्बीण आत घालतात, हाडात वाट करतात आणि ती शीर त्यात ओवून पक्की करतात. हे काम काही तासांचे. खरे काम त्यानंतर सुरू होते. आधी पाय वाकवायला शिकायचे, मग भार द्यायला, मग चालायला. पळणे कैक महिन्यांनी. पंत विकेटकीपर, म्हणजे त्याला दिवसभर उकिडवे बसायचे आणि उठायचे. तो मार्च २०२४ मध्ये मैदानावर उतरला. चौदा महिने लागले! जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता.

हरियाणातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा नीरज चोप्रा भाला फेकतो. मे २०१९ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर याच डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. घाई केली नाही. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत त्याने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सोने मिळवले. २०२४ साली पॅरिसला भारताचे खेळाडू गेले, तेव्हा त्यांच्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख डॉ. पारडीवालाच होते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही मोठ्या लोकांची कामं, आपल्याला मुंबई कुठली परवडते? बरोबर आहे. पण प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. बंध थोडाच फाटला असेल, तर नेमाच्या व्यायामाने पुष्कळांचे भागते. ते ठरवायला मात्र हाडांचा डॉक्टर पाहिजे. आपल्या धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुडघ्यात आवाज झाला, लगेच सूज आली, पाय टेकवेना, तर चोळू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा आणि दाखवून या.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारचा तालमीतला पोरगा असाच पडला. त्याची आजी तेलाची वाटी घेऊन आली. आम्ही वाटी बाजूला ठेवली. म्हातारी आमच्यावर रागावली, अजून नीट बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पोराला धाराशिवला नेले. बंध निम्मा शाबूत निघाला. शस्त्रक्रिया नको, व्यायाम करा, असे डॉक्टर म्हणाले. आता रोज सकाळी तो आमच्या ओसरीवर येतो. भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली वाकतो, वर उठतो. आकडे आम्ही मोजतो. काल चाळीसपर्यंत गेला, आणि कुस्ती कधी, म्हणून विचारू लागला. आम्ही म्हटले, "अजून नाही रे बाबा. एक्केचाळीस."