ग्रँट डफचे आपल्यावरील ऋण
(गुरुग्राम येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्कॉटलंडने जगाला दिलेल्या थोर पुरुषांविषयी बोलावे, अशी चालकांची सूचना आली, तेव्हा ॲडम स्मिथ, डेव्हिड ह्यूम, जेम्स वॅट ही मालिका माझ्याही डोळ्यांसमोर उभी राहिली. परंतु त्यांचे माहात्म्य वर्णन करणारे पुष्कळ आहेत, आणि मराठी विद्वानांनी ज्याच्याशी तीन पिढ्या हिरिरीने वाद घातला असा स्कॉटिश ग्रंथकार माझ्या मते एकच आहे. तो म्हणजे कॅप्टन जेम्स ग्रँट डफ.

त्याच्याकडे जाण्याची वाट या गावावरूनही जाते. आपण जेथे बसलो आहोत तो गुडगावचा मुलूख १८०३ पर्यंत दौलतराव शिंद्यांच्या अमलात होता, आणि त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला वऱ्हाडात सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने तो कंपनी सरकारच्या पदरात पडला. या तहाने संपलेल्या इंग्रज-मराठे युद्धात असईच्या रणावर ७४ आणि ७८ या क्रमांकांच्या स्कॉटिश पलटणी लढल्या, आणि जनरल वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर बसून तो संग्राम पाहणारा, चोविशीला टेकलेला तरुण मुत्सद्दी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही स्कॉटलंडचाच होता. इकडे उत्तरेत, ज्याचा बाप स्कॉटिश आणि आई राजपूत, असा जेम्स स्किनर शिंद्यांच्या फौजेत नावारूपाला आला होता; इंग्रजांशी युद्ध जुंपताच इंग्रजी रक्ताच्या सरदारांना शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने काढून टाकले, तेव्हा तो कंपनीकडे गेला. त्याच्या पिवळ्या पोशाखाच्या रिसाल्याचे ठाणे हांशीला होते, आणि त्याने बांधलेले चर्च दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ आजही पाहावयास मिळते.

इतके स्कॉटिश लोक हिंदुस्थानात यावेत यात नवल नाही. १७०७ साली त्यांची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटीत विलीन झाली, जमीन तुटपुंजी, पण शिक्षण मात्र गावोगाव पोहोचलेले. तेव्हा शिकलेल्या परंतु निर्धन घरातील धाकट्या मुलांना कंपनीची चाकरी हाच राजमार्ग होता, आणि हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाची सूत्रे दीर्घकाळ हेन्री डंडास या स्कॉटिश मुत्सद्द्याच्या हाती असल्यामुळे त्या मार्गावरील दरवाजेही सहज उघडत.

ग्रँट हा अशाच घरातला. जन्म बॅन्फ गावी १७८९ साली, बाप लहानपणीच वारलेला, शिक्षण ॲबर्डीनला. सोळाव्या-सतराव्या वर्षी लष्करी उमेदवार म्हणून तो मुंबईस आला आणि फार्सीवर प्रभुत्व मिळवून एल्फिन्स्टनचा साहाय्यक झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या दिवशी पुण्याच्या संगमावरील रेसिडेंटचा बंगला पेशव्यांच्या लोकांनी जाळला, तेव्हा एल्फिन्स्टनचे ग्रंथ आणि कागद भस्मसात झाले; पुढे सात महिन्यांतच पेशवाई संपुष्टात आली आणि पेशव्यांचे अवघे दफ्तर त्याच एल्फिन्स्टनच्या ताब्यात आले. जळालेल्या कपाटांची एवढी भरपाई क्वचितच कोणाला मिळाली असेल!

साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांची स्थापना झाल्यावर तेथील कारभार १८२२ पर्यंत ग्रँटच्या हाती होता. जमाबंदीची, इनामांची आणि वतनांच्या तंट्यांची कामे निकालात काढत असतानाच त्याने महाराजांकडील कागद, पेशवे दफ्तर, जुन्या बखरी, फार्सी तवारिखा, मुंबई आणि सुरतेच्या वखारींतील पत्रव्यवहार, इतकेच नव्हे तर गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरातील उतारेही जमवले. प्रकृती ढासळल्यामुळे १८२३ साली तो मायदेशी परतला, आणि १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकात मराठ्यांचे नाव असल्यास ग्रंथाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे एका प्रकाशकाने त्याला बजावले होते. परंतु त्याने नाव बदलले नाही, आणि पुढे पदरचे पैसे मात्र गेले. या हट्टासाठी तरी त्याला शंभर अपराध माफ करावेत, असे मला वाटते.

अपराध आहेतच. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतील वाळल्या गवताला लागलेला वणवा, असे त्याने लिहिले. तो वणवा कोणत्या श्रद्धेने आणि कोणत्या लोकसंघटनेने पेटला, हे समजून घेण्याची बुद्धी त्याला झाली नाही. मोहिमा, तह आणि खंडण्या यांचा हिशेब त्याने चोख ठेवला, पण वारकरी, कुणबी, गावगाडा यांना त्या हिशेबात खातेच उघडले नाही. कॅप्टन केपनने केलेले त्याचे मराठी भाषांतर, मूळ ग्रंथानंतर थोड्याच वर्षांत निघालेले, आपल्या शाळांतून चालू लागले, आणि आपली मुले आपल्याच आजोबांची हकीकत सातारच्या जुन्या रेसिडेंटच्या तोंडून ऐकू लागली.

प्रतिकार झाला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाकडून. १८६८ च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या टीकेचे वैशिष्ट्य असे, की ती आवेशाने भरलेली असूनही आवेशावर थांबत नाही, ग्रँट डफने कोणत्या आधारावर काय म्हटले आणि ते आधार आज कोठे आहेत, हे ती विचारते. मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवलेल्या ज्या नकलांचा उल्लेख ग्रँट डफने केला होता, त्यांचा पुढे पत्ता लागला नाही, आणि साहेबाने कागद जाळले असा प्रवाद बरीच वर्षे चालला. मला त्या प्रवादापेक्षा त्यातून उठलेला शोध मोलाचा वाटतो. इतिहाससंशोधक राजवाडे पैठणपासून वाईपर्यंत वाड्यांच्या माळ्यांवर चढून वाळवी लागलेली दफ्तरे उपसू लागले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने बाहेर पडली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली इंग्रजीतच, म्हणजे ग्रँट डफच्याच दरबारात उभे राहून, वणव्याच्या त्या उपमेला उत्तर दिले. खोडून काढण्याजोगा, सलग आणि साधार असा ग्रंथ समोर नसता, तर आपण अजून आठवणींवरच भांडत बसलो असतो.

ज्यांना मूळ ग्रंथ वाचण्यास सवड नाही, त्यांनी निदान वाघनखांची हकीकत ऐकावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली उसनी म्हणून साताऱ्यास आली. ती ग्रँट डफच्या वंशजांकडून त्या संग्रहालयाकडे गेली, आणि शिवछत्रपतींचीच ती, याची खात्री खुद्द ते संग्रहालयही देत नाही. त्यांच्या पेटीवर कोरलेला मजकूर असा, की या आयुधाने शिवाजीने मोगल सेनापतीस मारले, आणि पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने ते ग्रँट डफला साताऱ्यास भेट दिले. पण शिवछत्रपतींनी मारलेला अफझलखान हा विजापूरकरांचा सरदार, हे आपल्याकडील चौथीच्या मुलालाही ठाऊक असते, आणि ग्रँट डफच्या ग्रंथातही तो विजापूरचाच आहे. तेव्हा तो मजकूर कोरणाऱ्याने घरातल्या ग्रंथाची पाने उलटली नव्हती, हे उघड दिसते.